नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिले पाळण्याशी होते, दुसरे पाठीमागे. भाषांच्या बाबतीत मात्र ही दोन्ही कामे बहुधा एकाच बैठकीत उरकली जातात. ज्याच्या हाती नोंदवही असते तो एखाद्या बोलीला नाव ठेवतो आणि त्याच लेखणीने तिला नावेही ठेवतो. ‘ही अमुक भाषेची अशुद्ध बोली’, ‘ती तमुक भाषेची पोटशाखा’, अशी चिठ्ठी एकदा चिकटली की ती बोली बोलणाऱ्या माणसाचे शाळेतले, कचेरीतले आणि न्यायालयातले स्थान त्या चिठ्ठीवरून ठरू लागते. सीमाभागात आयुष्य काढलेल्या आपणा सर्वांना याचा अनुभव आहे. आज आम्ही लिहीत आहोत ते मात्र इतरांनी आपल्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांविषयी नव्हे, आपण इतरांवर चिकटवू पाहत असलेल्या एका चिठ्ठीविषयी.

दादरा नगर हवेलीतील रांध्यासारख्या गावाचा विचार करावा. या प्रदेशात अनुसूचित जमातींची संख्या 2011 च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक होती. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, नायकडा, कोळी ढोर अशा जमाती येथे नांदतात आणि त्यांत वारल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. घरात वारली किंवा कोकणा, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, सोयरिकीनिमित्त तलासरी-जव्हारकडे गेले की मराठी, असा भाषांचा व्यवहार येथील माणसाला मुळीच अवघड वाटत नाही. अवघड वाटते ते नोंदवही घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला, कारण त्याच्याजवळ मातृभाषेसाठी रकाना एकच असतो.

जनगणनेची सूचना स्वच्छ आहे. बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. आई लवकर वारली असल्यास त्या घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा ही मातृभाषा. आणि सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहावे. प्रगणकाने वाद घालू नये. येथपर्यंत सारे न्याय्य आहे. गडबड होते ती पुढे, चिठ्ठ्यांची वर्गवारी करताना.

2011 च्या जनगणनेत भारतभरातून मातृभाषांची 19,569 नावे नोंदली गेली. छाननीनंतर त्यांतून 1,369 मातृभाषा निश्चित झाल्या, 1,474 नावे अवर्गीकृत म्हणून बाजूला ठेवली गेली, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या 270 मातृभाषा शेवटी 121 भाषांच्या कप्प्यांत बसवण्यात आल्या. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे स्वतंत्रपणे प्रसिद्ध न करण्याचा शिरस्ता 1971 पासून आहे. 1961 च्या जनगणनेत 1,652 मातृभाषांची यादी छापली गेली होती, हे आठवले म्हणजे या चाळणीची भोके किती मोठी झाली ते कळते.

आता कप्पे पाहू. वारली भिलीच्या कप्प्यात. कोकणा भिलीच्या कप्प्यात. धोडियाही भिलीच्याच कप्प्यात. डांगी मात्र खानदेशीच्या कप्प्यात आणि मालवणी कोकणीच्या. ज्या डांगात कोकणा आणि वारली एकमेकांच्या शेजारी पिढ्यानपिढ्या नाचणी पिकवतात, तेथे एकाने आपल्या बोलीला जमातीचे नाव दिले तर तो भिलीत जातो आणि दुसऱ्याने प्रदेशाचे नाव दिले तर तो खानदेशीत जातो. बोली तीच असली तरी सांगितलेल्या नावासरशी कुळ बदलते.

हा घोळ आजचा नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात वारली ही कोकणपट्टीतील मराठीच्या बोलींमध्ये घातलेली आहे. 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली आणि खानदेशीचा विचार आहे. तेथे कोकणा आणि धोडिया सापडतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी वारली मराठीच्या घरची होती, आज ती भिलीच्या घरची आहे. या शंभर वर्षांत वारल्यांनी आपले बोलणे बदलले म्हणून हे घडलेले नाही. कागद हाताळणाऱ्यांनी कप्पे बदलले म्हणून घडले आहे. भाषांच्या सीमा एकमेकींत मिसळतात हे स्वतः ग्रियर्सन यांनी मान्य केले होते. त्यांच्या नकाशाचा आधार घेणाऱ्यांना मात्र तेवढे एक वाक्य नेमके गैरसोयीचे वाटते.

कप्प्यांचा हा खेळ केवळ दुर्बलांपुरता नाही. हिंदीच्या कप्प्यात 2011 साली सुमारे 52.8 कोटी माणसे मोजली गेली. त्यांपैकी आपली मातृभाषा ‘हिंदी’ असे सांगणारे सुमारे 32.2 कोटी होते. उरलेल्यांनी भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, मगही अशी आपापली नावे सांगितली होती. एकट्या भोजपुरीचेच पाच कोटींहून अधिक. त्यांची नावे आतल्या पानावर राहिली, बाहेरच्या पाटीवर एकच नाव झळकले. मराठी जगतात याबद्दल पुष्कळ रोष व्यक्त होतो. मोठ्या भाषेने लहान भाषांच्या डोक्यांवर उभे राहून आपली उंची मोजू नये, असे आपण म्हणतो, आणि ते रास्तच आहे.

मग वारलीच्या प्रश्नावर आपण काय म्हणत आहोत?

येत्या जनगणनेची अधिसूचना 16 जून 2025 रोजी निघाली आणि 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख ठरली. या वेळी नोंदी मोबाइलवर होणार आहेत आणि नागरिकाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही मिळणार आहे. हे जाहीर झाल्यापासून आमच्याच चळवळीत एक सूर वारंवार कानी येतो: गावोगावी फिरावे, वारल्यांना आणि कोकण्यांना समजवावे की मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ एवढेच लिहा. वारली लिहिले तर ते भिलीत जाईल, मराठीचा आकडा घसरेल, मराठी शाळा बंद पडतील, आणि या प्रदेशावरील मराठीचा हक्क कायमचा पुसला जाईल.

ही भीती पोकळ नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. सीमाभागात आकड्याचे मोल काय असते ते आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. 1 मे 1960 रोजी डांग गुजरातेत गेले, उंबरगाव गेले. तेथील बोली मराठीची की गुजरातीची हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्या वादात खुद्द ती बोली बोलणाऱ्याला कोणी फारसे विचारले नाही. दादरा आणि नगर हवेली 1954 साली पोर्तुगिजांच्या हातून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे जिवावर उदार होऊन उतरली होती. 1961 साली हा प्रदेश केंद्रशासित झाला आणि 26 जानेवारी 2020 पासून तो दमण-दीवशी जोडला गेला. या साऱ्या उलथापालथीत मराठीचे स्थान आक्रसत गेल्याची वेदना आम्हालाही आहे. ज्या शाळेचा पट घटतो तिच्या वर्गाला कुलूप लागते, आणि अल्पसंख्याकांचा हक्क मागायचा तर ‘तुम्ही किती?’ हाच पहिला प्रश्न येतो.

तरीही हा उपाय आम्हाला अमान्य आहे. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण तत्त्वाचे. बेळगाव, कारवार, बिदर, भालकीच्या प्रश्नावर महाराष्ट्राने जी चतुःसूत्री मांडली ती आपणा सर्वांना मुखोद्गत आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यातील शेवटचे सूत्र सर्वांत महत्त्वाचे, असे आपण दशकानुदशके सांगत आलो. माणसाची भाषा कोणती हे त्याने सांगायचे, शेजाऱ्याने वा सरकारने नव्हे, हा त्या सूत्राचा गाभा आहे. बेळगावातील मराठी माणसाला कोणी म्हणाले, ‘तुमची मराठी कानडीच्या मुशीतली आहे, तेव्हा तुम्ही मूळचे कानडीच’, तर आपण पेटून उठतो. मग रांध्यातील वारल्याला आपण कोणत्या तोंडाने म्हणणार की, ‘तुझी वारली ही मराठीचीच बोली आहे, तेव्हा तू मराठीच लिही’? दक्षिण सीमेवर लोकेच्छा आणि उत्तर सीमेवर लोकशिक्षण, असा दुटप्पी न्याय चालणार नाही. तो प्रतिपक्षाच्या वकिलाला आयता मिळेल तो वेगळाच.

दुसरे कारण इतिहासाचे. हा डाव आपण एकदा खेळलो आहोत आणि हरलो आहोत. गोव्यात कोकणी ही मराठीची बोली आहे हे सिद्ध करण्यासाठी केवढी विद्वत्ता खर्ची पडली! 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. 1975 साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, 1987 साली गोव्याचा राजभाषा कायदा झाला आणि 1992 साली कोकणी आठव्या अनुसूचीत गेली. कोकणीच्या व्याकरणात मराठीचे काय आणि किती, हा प्रश्न अभ्यासाचा होता. आपण तो मालकीचा केला. ‘बोली’ हा शब्द आपण नात्याने उच्चारला असेल, पण ऐकणाऱ्याला त्यात पायरी ऐकू आली. ज्या गोव्यात घरोघरी मराठी वाचली जात होती, देवळांतून मराठी कीर्तने रंगत होती, तेथे मराठीविषयी दुरावा निर्माण होण्यास आपला हा हट्टही कारणीभूत झाला. वारली आणि कोकणा भाषकांशी तेच पुन्हा करायचे आहे काय?

तिसरे कारण सर्वांत व्यवहाराचे आहे आणि आमच्या मते सर्वांत निर्णायक आहे. ते पहिलीच्या वर्गात बसलेल्या पोराचे आहे.

संविधानाच्या 350-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर टाकले आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. समजा, रांध्यातील सर्व वारल्यांनी मातृभाषा ‘मराठी’ लिहिली. कागदावर काय सिद्ध होईल? या मुलांची मातृभाषा मराठी आहे, त्यांना मराठीचे पुस्तक मिळाले आहे, म्हणजे राज्याचे कर्तव्य पुरे झाले. मग ते पोर पुस्तकातले वाक्य वाचताना अडखळले, घरचा शब्द वापरून उत्तर देऊ लागले, तर तो दोष कोणाचा ठरेल? पोराचा. मातृभाषा असूनही त्याला ती येत नाही, असा निकाल लागेल. गुरुजी वहीवर तांबडी रेघ ओढतील, ‘अशुद्ध’ असा शेरा लिहितील, आणि दोन-तीन वर्षांत ते पोर शाळेची वाट सोडील. वारलीला मराठीचे नाव आपण ठेवले आणि लगोलग त्या नावाखाली तिला नावेही ठेवली, असे हे होईल.

उलट त्याच रकान्यात ‘वारली’ लिहिले गेले तर राज्याला प्रश्न विचारता येतो: या मुलांच्या घरची भाषा वारली आहे, मग पहिल्या दोन इयत्तांसाठी वारलीतून मराठीकडे नेणारे पुस्तक कोठे आहे? वारली जाणणारा शिक्षक कोठे आहे? घरच्या शब्दाचा हात धरून जे मूल प्रमाण मराठीपर्यंत येते तेच पुढे मराठीत टिकते. मराठी शाळेचा पट राखायचा असेल तर राखण्याची जागा ही आहे. जनगणनेच्या रकान्यात फुगवलेला आकडा वर्गातले बाक भरू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, वारली लिहिल्याने ती भिलीच्या कप्प्यात जातेच ना? जाते, आणि तो कप्पाही चुकीचाच आहे. भिलीच्या पाटीखाली 2011 साली सुमारे 1.04 कोटी माणसे मोजली गेली, पण त्या मोठ्या आकड्याचा वारल्याला काडीचा उपयोग झालेला नाही. भिली आठव्या अनुसूचीतही नाही. वारलीच्या षष्ठीतला ‘चा’ मराठीचा सख्खा आहे, तिच्या शब्दांत गुजरातीचा शेजार आहे, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना तिचा रंग गावागणिक पालटतो. अशा बोलीला एकाच कप्प्यात कोंबण्याचा हट्ट हेच मूळ दुखणे आहे. भिलीच्या कप्प्यातून काढून मराठीच्या कप्प्यात घातल्याने ते दुखणे बरे होत नाही.

कप्पा आणि चिठ्ठी यांतला फरक येथे ध्यानात घ्यावा. एक वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहते, पण तिच्यावर चिठ्ठ्या कितीही लावता येतात. घरातल्या जुन्या दस्तऐवजांच्या गाठोड्यावर ‘शेत’, ‘आजोबा’, ‘कोर्ट’ अशा तीन चिठ्ठ्या असल्या तर तीन वेगवेगळ्या कारणांनी शोधणाऱ्या तिघांनाही ते गाठोडे सापडते, आणि कोणी म्हणत नाही की हे एकदा ठरवा, हे शेताचे की आजोबांचे. वारलीवर ‘वारली’ ही तिची स्वतःची चिठ्ठी प्रथम असावी. त्याखाली ‘मराठीशी नाते’, ‘गुजरातीचा शेजार’, ‘भिली समूहाशी संपर्क’ अशा आणखी चिठ्ठ्या अभ्यासकांनी खुशाल लावाव्यात, त्यांवर खुशाल वादही घालावेत. वर्गीकरण शोधण्याच्या सोयीसाठी असते, वाटणीपत्र म्हणून नव्हे.

जनगणनेच्या तक्त्यात याची थोडी सोय आजही आहे. मातृभाषेखेरीज माणसाला येणाऱ्या आणखी दोन भाषा त्यात नोंदता येतात. आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जायचेच असेल तर या दोन रकान्यांसाठी जावे. ज्याला मराठी येते त्याने मराठी येते असे अवश्य लिहावे, ज्याला गुजराती येते त्याने तीही लिहावी. ‘मातृभाषा वारली, येणारी भाषा मराठी’ अशी खरी नोंद हजारो घरांतून झाली तर या प्रदेशात मराठी ही परकी नाही, ती शेजारच्या बोलींना जोडणारी भाषा आहे, हे त्या तक्त्यावरूनच सिद्ध होईल. तो पुरावा कोणालाही खोडता येणार नाही, कारण तो कोणाच्या नावावर डल्ला मारून मिळवलेला नसेल.

खानदेशाकडेही पाहावे. खानदेशीच्या कप्प्यात 2011 साली सुमारे 18.6 लाख माणसे होती. त्यांत बहुतांश अहिराणी सांगणारी होती. ती मराठीत धरलेली नाहीत. म्हणून धुळे-जळगाव मराठीपासून तुटले काय? खानदेशी बोलीत ओव्या रचणाऱ्या बहिणाबाई मराठीच्या पाठ्यपुस्तकांतून बाहेर गेल्या काय? महाराष्ट्राच्या हद्दीत असल्यामुळे खानदेशाला जी निश्चिंती आहे ती नगर हवेलीला नाही, हे खरे. परंतु अहिराणीने आपले नाव राखले आणि मराठीशी सोयरीकही राखली, एवढे त्यातून निश्चित दिसते.

तेव्हा आमच्या मागण्या शासनाकडे आहेत तशा स्वकीयांकडेही आहेत. शासनाने मोबाइलवरील नोंदीत ठरावीक यादीतले नाव निवडण्याची सक्ती करू नये. सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहिता आले पाहिजे. दहा हजारांची अट काढून सर्व नावे प्रसिद्ध करावीत. कोणती मातृभाषा कोणत्या कप्प्यात आणि कोणत्या आधारावर घातली ते जाहीर करावे, म्हणजे त्या भाषकांना हरकत घेता येईल. दादरा नगर हवेलीतील मराठी आणि गुजराती या दोन्ही माध्यमांच्या शाळांत वारली व कोकणा मुलांसाठी घरच्या भाषेतील सुरुवातीची पुस्तके असावीत. महाराष्ट्र शासनाने आणि राज्य मराठी विकास संस्थेने सीमेच्या अलीकडे पालघर-नाशिकात असे साहित्य सिद्ध करून सीमेपलीकडे द्यावे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा मिळालेल्या भाषेला हे काम जड जाऊ नये.

आणि स्वकीयांना आमचे सांगणे एवढेच की, ‘अशुद्ध मराठी’ हे दोन शब्द वारली, कोकणा, मालवणी, अहिराणी यांपैकी कोणत्याही बोलीविषयी पुन्हा उच्चारू नयेत. वारल्यांच्या लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते, कणसरीच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्या प्रमाण मराठीचा बिघडलेला अवतार नाहीत. त्या आपल्या जागी पूर्ण आहेत. चित्रांतला वारली चौक आपण दिवाणखान्याच्या भिंतीवर कौतुकाने टांगतो. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. तो चौक काढणाऱ्या हातांच्या तोंडची भाषा मात्र आपल्याला आपल्या आकड्यात हवी, तिच्या नावासह नको, हे अभिमानाचे लक्षण नव्हे.

सीमेपलीकडील मराठी बांधवांनो, आपली ताकद संख्येत आहे हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याचे नाव आपण हिरावून घेतले तो आपल्या संख्येत किती काळ राहील याचाही विचार करा. पुढच्या वेळी रांध्यातल्या दारात नोंदवही उघडेल तेव्हा आपला कार्यकर्ता तेथे उभा असला तर त्याने एवढेच पाहावे की, त्या घरातल्या बाईने जे नाव उच्चारले तेच लिहिले गेले. ती ‘मराठी’ म्हणाली तर मराठी, ‘वारली’ म्हणाली तर वारली. बेळगावात आपण दुसरे काय मागत आलो आहोत?